जुन्या गाडीची सुटलेली बीडिंग: अ‍ॅक्रिलिक फोम टेप आणि क्लिपांचा रिव्ह्यू, मुंबईच्या हवेचा हिशेब धरून

दारावरची काळी पट्टी एका टोकाला उचललेली, मागच्या चाकावरचं क्लॅडिंग खड्ड्यात फडफडणारं, बंपरचा कोपरा मडगार्डपासून बोटभर सुटलेला. मुंबईत दहा-बारा पावसाळे काढलेल्या गाडीवर यातलं एक तरी दिसतंच. नोंदणीची १५ वर्षं संपत आली की पुढच्या ५ वर्षांच्या पासिंगआधी लोक इंजिन, ब्रेक, पत्रा सगळं नीट करून घेतात आणि ही प्लास्टिकं मात्र डबल टेपवर भागवतात. पहिल्या मोठ्या पावसात किंवा पहिल्या प्रेशर वॉशमध्ये पट्टी पुन्हा हातात येते आणि खापर टेपवर फुटतं.

हा रिव्ह्यू थ्रीएमच्या व्हीएचबी (अतिशय घट्ट धरणाऱ्या फोम टेपांच्या) वर्गातल्या काळ्या ५९५२ टेपचा, त्याच कंपनीच्या गाड्यांसाठीच्या राखाडी ४२२९पी टेपचा, सोबत लागणाऱ्या प्रायमर ९४ चा (टेप नीट धरावी म्हणून आधी प्लास्टिकवर फासायचा द्रव) आणि क्लॅडिंग-बंपरच्या नायलॉन क्लिपांचा आहे. निकाल आधीच सांगतो. टेप उत्तम आहे, पण तिच्याकडून क्लिपेचं काम करून घेऊ नका. जी पट्टी कारखान्यात टेपवर बसली होती तिला टेप. जी क्लिपांवर बसली होती तिला आधी क्लिपा, आणि गरज पडली तरच जोडीला टेप. इथे गल्लत झाली की पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

मूळ जोड कसला होता

पट्टी ओढण्याआधी सुटलेल्या टोकातून आत टॉर्च मारा. दारांवरच्या सपाट बीडिंग, बॅज आणि डोअर व्हायझर बहुधा टेपवर असतात. चाकांवरचं क्लॅडिंग, दारांच्या उंबरठ्याखालची लांब पट्टी, बंपर आणि वायपरखालचं काउल ही क्लिपा, स्क्रू आणि खाचांवर बसतात. काही गाड्यांच्या बीडिंगला टेपही असते आणि दोन खुंट्याही. त्या खुंट्या वजन धरत नाहीत, पट्टी नेमक्या जागी बसावी म्हणून असतात. त्या कापून टाकू नका.

मग पट्टीची मागची बाजू वाचा. तिथे दोन टोकदार कंसांत प्लास्टिकचं नाव उठवलेलं असतं. आयएसओ ११४६९ या मानकाप्रमाणे ही खूण देतात. एबीएस असेल तर नशीब चांगलं. पीपी किंवा पीपी आणि ईपीडीएम (एक रबर) अशी जोडी दिसली, तर तो पॉलिप्रॉपिलीन आहे. पुढे टीडी२० असं काही असेल तर त्यात साधारण २० टक्के टाल्कची पूड आहे असा अर्थ. हे वाचणं महत्त्वाचं, कारण पॉलिप्रॉपिलीनला काहीच सहज चिकटत नाही. कोणताही गोंद पसरण्यासाठी पृष्ठभागाची ऊर्जा लागते. एबीएसची ती ४२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास, तर पॉलिप्रॉपिलीनची जेमतेम २९. म्हणून एकच टेप दाराच्या बीडिंगवर वर्षानुवर्षं टिकते आणि चाकावरच्या क्लॅडिंगवरून आठवड्यात साल निघावी तशी निघून येते. सुटलेल्या पट्टीवर टेप कोणत्या बाजूला राहिली आहे तेही बघा. सगळी टेप पत्र्याला चिकटलेली आणि पट्टीची पाठ कोरी असेल, तर प्लास्टिकची बाजू फसली, म्हणजे प्रायमर हवा. सगळी टेप पट्टीवर असेल तर पत्र्यावर पॉलिश, मेण किंवा सुटणारा रंग होता. टेप मधोमध फाटून दोन्हीकडे राहिली असेल तर चिकट ठीक होती, फोम म्हातारा झाला किंवा मुळात हलक्या प्रतीचा होता.

टेपची पारख

५९५२ ही १.१ मिमी जाडीची काळी टेप. ४२२९पी ही ०.८ मिमीची, गडद राखाडी, लाल सोलपट्टीची (लावताना सोलून काढायचं आवरण). दोन्हींमध्ये फोम आणि चिकट एकाच अ‍ॅक्रिलिक जातीचे असतात, स्पंजावर गोंद फासलेला नसतो. ओळखायची खूण सोपी. दोन इंच तुकडा दोन्ही हातांनी ताणा. अ‍ॅक्रिलिक फोम रबरासारखा लांबतो आणि सोडल्यावर सावकाश मागे येतो. स्टेशनरीच्या दुकानातली पांढऱ्या स्पंजाची टेप ताणली की तुटते आणि कडेने भुगा पडतो. भिंतीवरच्या हुकला ती चालेल. उन्हात तापणाऱ्या दाराला नाही.

ताकदीचा हिशेब पाहा. उभ्या पृष्ठभागावर कायमचं वजन टांगायचं असेल तर किलोमागे साधारण ५५ चौरस सेंमी टेप वापरा, असा थ्रीएमचा ढोबळ नियम आहे. ९० सेंमी लांबीच्या बीडिंगवर १२ मिमी रुंदीची एकच सलग रांग लावली तरी १०८ चौरस सेंमी होतात, म्हणजे जवळपास दोन किलोंची सोय. एका दाराची बीडिंग काट्यावर ठेवून पाहा, ती याच्या जवळपासही जात नाही. तेव्हा वजनाने पट्टी पडते हा समज सोडून द्या. पट्टी पडते ती टोकाकडून उचकटल्यामुळे. अशी टेप सरळ खाली ओढणारा जोर सहज सोसते, पण एका कडेवर एकवटलेला उचकटणारा जोर तिला सोसवत नाही. वाकलेली पट्टी जबरदस्तीने सरळ दाबून चिकटवली की तोच जोर चोवीस तास चालू राहतो.

दुसरा हिशेब उष्णतेचा. पत्रा आणि प्लास्टिक सारखे प्रसरण पावत नाहीत. ९० सेंमीची एबीएस पट्टी ४० अंशांनी तापली तर पोलादी पत्र्यापेक्षा ती सुमारे अडीच मिमी जास्त वाढू पाहते, म्हणजे मध्यापासून प्रत्येक टोकाला सव्वा मिमी. मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या काळ्या पट्टीला हा फरक पहाट ते दुपार रोज भोगावा लागतो. अ‍ॅक्रिलिक फोम आपल्या जाडीच्या तिपटीपर्यंत आडवी सरक पचवतो: १.१ मिमीची टेप ३.३ मिमी, ०.८ ची २.४ मिमी. कडक होणारा गोंद यातलं काहीच पचवत नाही, त्याला तडा जातो. ५९५२ ला दीर्घकाळ ९३ अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची मान्यता आहे, तेव्हा मुंबईच्या उन्हाची चिंता करायचं कारण नाही.

दोन्हींत निवडायचं तर सपाट, मूळ आकार टिकवून असलेल्या बीडिंगला ४२२९पी पुरते आणि पट्टी पत्र्याजवळ बसते, दिसायला कारखान्यासारखी. पत्र्याला हलका पोचा आहे, पट्टी थोडी वेडीवाकडी आहे, जुन्या दारावर पुटी मारलेली आहे, तर १.१ मिमी. जाड टेप दोन पृष्ठभागांमधली असमानता भरून काढते. फट त्याहून मोठी असेल तर टेपवर टेप चढवू नका. आधी पट्टी सरळ करा.

व्हीएचबीची साठवणीची मुदत उत्पादनापासून २४ महिने धरतात, तीही ४ ते ३८ अंशांत ठेवली तर. फुटपाथवरच्या स्टॉलवर उन्हात टांगलेला रोल कितीही खरा असला तरी तो घेऊ नये. ३३ मीटरच्या मोठ्या रोलची घरच्या कामाला गरज नाही. हॅचबॅकच्या चार दारांचा हिशेब असा: पुढची पट्टी ८५ सेंमी, मागची ६५ धरली तर दोन्ही बाजू मिळून ३ मीटर, दोन रांगा लावायच्या तर ६ मीटर. म्हणजे वाया जाणारं धरून १२ मिमी रुंदीची ७ मीटर टेप. रुंदी पट्टीच्या पाठीपेक्षा कमीच घ्या, टेप कडेपासून २-३ मिमी आत राहिली पाहिजे.

पृष्ठभाग, म्हणजे निम्म्याहून जास्त काम

पट्टी अर्धी सुटली असेल तर उरलेली अर्धी पण काढा. सुटलेल्या टोकाखाली टेपचा तुकडा सारणं हा सगळ्यात सामान्य शॉर्टकट आणि सगळ्यात हमखास फसणारा. जुन्या टेपमध्ये धूळ आणि मीठ शिरलेलं असतं, नव्या तुकड्यामुळे जाडी वाढते आणि शेजारचा भागही उचलला जातो. पाण्यालाही आत साचायला जागा होते.

काढण्याआधी पट्टीच्या वरच्या कडेला आणि दोन्ही टोकांना कागदी मास्किंग टेप लावून जागा आखून घ्या. हेअर ड्रायरने पट्टी हाताला चांगली गरम लागेल इतकी तापवा. हीट गन नको, जुन्या गाडीवर पुन्हा मारलेला रंग तिने फुगतो. मग कोळीवाड्यात किंवा मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी तंगूस, म्हणजे नायलॉनचा जाळ्याचा दोरा, दोन्ही हातांत धरून करवतीसारखी मागेपुढे ओढत टेप कापत जा. स्क्रू ड्रायव्हर खुपसला की रंग जातो, आणि मुंबईत रंग गेला की चार महिन्यांत गंज.

पत्र्यावरची उरलेली जुनी टेप अंगठ्याने चोळून गुंडाळत काढा. मोठा थर असेल तर ड्रिलला लावायचं रबर व्हील कमी वेगात चालवा, एका जागी थांबवू नका. थिनरचा मोह टाळा. तो एबीएसचा पृष्ठभाग विरघळवतो आणि गॅरेजमध्ये मारलेला दुसरा रंग उचलतो. डब्ल्यूडी-४० ने चिकटा सैल होतो हे खरं, पण त्याचं तेल मागे राहतं; वापरलंच तर नंतर भांड्यांच्या साबणाने धुवा आणि मगच पुढे जा.

आता पत्रा नीट पाहा. रंगाखाली फुगवटे असतील, क्लिपेच्या भोकाभोवती तपकिरी कडा असेल, तर टेप लावायची नाही. गंज घासून, पत्र्याचा प्रायमर (प्रायमर ९४ नव्हे, रंगाखालचा थर) आणि रंग मारून, तो पूर्ण कडक होऊ द्यायचा. हवेवर वाळलेल्या रंगाला महिनाभर दिलेला बरा, नाहीतर टेप रंगाला धरते आणि रंग पत्र्याला सोडतो. समुद्राजवळच्या वस्तीत, वरळीपासून वर्सोव्यापर्यंत, पट्टीखाली मिठाचा थर साचलेला असतो. तो आधी साध्या पाण्याने भरपूर धुऊन काढा, पुसून काढू नका, घासल्याने चरे पडतात.

खरा शत्रू मात्र सिलिकॉन. टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश आणि काळं प्लास्टिक चमकवणारी द्रव्यं, यांपैकी बहुतेकांत सिलिकॉनचं तेल असतं आणि सोसायटीत गाडी पुसणारे ते मोकळ्या हाताने लावतात. बाहेरून लावलेलं पॉलिश कडेतून पाठीमागे झिरपतं. तपासणी पाण्याने होते. पृष्ठभागावर साधं पाणी शिंपडा. सलग पातळ पडदा राहिला तर स्वच्छ, थेंबांचे मणी झाले तर तेल किंवा मेण अजून आहे. साबण, धुणं, पुन्हा पाणी, हे पडदा बसेपर्यंत करा. पॉलिप्रॉपिलीनच्या पाठीवर पाणी तसंही नीट पसरत नाही, तेव्हा ही कसोटी रंगलेल्या पत्र्यासाठी.

शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून. स्वच्छ सुती कापड भिजवून एकाच दिशेने पुसा आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. नुसतं ओलं पुसून वाळू दिलं तर घाण पुन्हा तिथेच बसते. घरातलं सॅनिटायझर यासाठी वापरू नका. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन किंवा जेल असतं आणि त्याचा थर मागे राहतो.

पावसाळ्यात इथे एक खास अडचण येते. अल्कोहोल उडताना पत्रा थंड करतं आणि हवा जवळजवळ भिजलेली असली की त्या थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. टेप त्या दवावर बसते. उपाय सोपा: पुसल्यावर हेअर ड्रायर फिरवून पत्रा आणि पट्टी दोन्ही कोमट करा आणि लगेच लावा. या टेपला २१ ते ३८ अंशांचा पृष्ठभाग सगळ्यात मानवतो. म्हणून जमेल तर हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये, सकाळी, स्टिल्ट पार्किंगच्या सावलीत करा. उघड्यावर उन्हात तापलेल्या दारावर अल्कोहोल पुसायच्या आत उडतं.

प्रायमर ९४: कुठे हवा, कुठे नको

पॉलिप्रॉपिलीनच्या पाठीला प्रायमर लागतोच. तो नसेल तर टेपवर पैसे घालवू नका. एबीएसला तो ऐच्छिक, तरी जुन्या, उन्हाने पांढुरक्या झालेल्या प्लास्टिकवर लावलेला चांगला. रंगलेल्या दारावर तो फासायची गरज नाही, बाहेर आलेला डाग काढता येत नाही.

आधी पाठ राखाडी, बारीक घासणीने हलकी घासा, अल्कोहोलने पुसा, मग प्रायमरचा अगदी पातळ एक हात. दोन-चार मिनिटांत वाळतो. जाड थर जास्त धरेल असं वाटतं, प्रत्यक्षात जाड थरच मधून फाटतो. स्पंजाचं टोक असलेल्या छोट्या नळ्यांमध्ये हा मिळतो, चार पट्ट्यांना तेवढं पुरतं. मोठा डबा उघडला की उरलेला घट्ट होतो. द्रव ज्वालाग्राही आहे, वासही उग्र, बंद गॅरेजमध्ये वापरू नका. रिव्ह्यूतल्या सगळ्या वस्तूंमध्ये दुकानदार सर्वांत कमी ठेवतात ती हीच आणि सर्वांत जास्त फरक हिनेच पडतो.

लावणं

पट्टी आधी टेबलावर पालथी ठेवून सरळ आहे का बघा. टोकं वर आलेली असतील तर वाफाळत्या, पण उकळत नसलेल्या पाण्याचं फडकं टोकावर धरा, पट्टी मऊ झाली की उलट दिशेला किंचित वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवा. टोकं दाराकडे हलकी झुकलेली असली की ती टेपला ओढत नाहीत, उलट दाबतात. या पाच मिनिटांवर पट्टीचं आयुष्य ठरतं.

टेप न ताणता लावा. ताणून लावलेली आखडते आणि टोकं मोकळी पडतात. वरच्या कडेला एक अखंड रांग, टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे दारावरून ओघळणारं पावसाचं पाणी आत शिरणार नाही. खालच्या कडेला मात्र दर वीसेक सेंमीवर बोटभर फट ठेवा. आत गेलेलं पाणी, आणि ते कधीतरी जातंच, तिथून बाहेर पडेल. चारही बाजू बंद केल्या तर पट्टीखाली पाणी साचतं आणि गंज आतल्या आत चालतो. दोन तुकडे जोडायचे तिथे कडेला कड, एकावर एक नाही. टोकांचे कोपरे कात्रीने गोल करा.

लाल सोलपट्टी पूर्ण काढू नका. दोन्ही टोकांना ४-५ सेंमी सोलून ती बाहेर वळवून ठेवा, पट्टी आखलेल्या खुणेवर टेकवा, सरळ आहे याची खात्री करा, मग बाहेरचं टोक धरून सोलपट्टी ओढत न्या आणि मागोमाग दाबत जा. ही टेप एकदा टेकली की सरकवता येत नाही. उचलून पुन्हा लावली तर धरण्याची ताकद बरीच जाते.

दाब साधारण प्रति चौरस सेंमी एक किलो लागतो, हलकं थोपटणं पुरत नाही. सनमायकावाले वापरतात तो रबरी रोलर घेऊन मध्यापासून टोकांकडे दोनदा फिरवा. फोमची चिकट पृष्ठभागात हळूहळू भिनते: सामान्य तापमानाला २० मिनिटांत निम्मी ताकद, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण ७२ तासांनी. तोवर दोन्ही टोकांवर मास्किंग टेप आडवी ताणून ठेवा. पहिल्या दिवशी गाडी हलवली नाही तर उत्तम. तीन दिवस धुणं नाही, आणि गाडी पुसणाऱ्या दादांना आधीच सांगून ठेवा, कारण ओल्या फडक्याचा धागा कडेत अडकून ओढला जाणं हे नवी पट्टी सुटण्याचं अगदी नेहमीचं कारण. प्रेशर वॉशची तोटी पुढेही कधी कडेवर सरळ रोखू नका.

क्लॅडिंग, बंपर आणि क्लिपा

इथे टेप दुय्यम. चाकावरच्या क्लॅडिंगला चिखल, खडी आणि टायरने उडवलेल्या पाण्याचा मारा असतो. तो आतून बाहेर ढकलतो, आणि उचकटणाऱ्या जोरापुढे टेप हरते हे वर आलंच आहे.

जुन्या क्लिपेचे पाकळीसारखे दात तुटलेले असतात किंवा डोकंच उडालेलं असतं. नवी घेताना तीन मापं घ्या: पत्र्याच्या भोकाचा व्यास, देठाची लांबी आणि डोक्याचा व्यास. व्यासात एक मिमीचा फरकही खूप होतो. ७ च्या भोकात ८ ची ठोकली तर बसतानाच दात मोडतात, ८ च्या भोकात ७ ची खुळखुळते. डिजिटल व्हर्नियर नसेल तर एक धड क्लिप नमुना म्हणून दुकानात न्या. सर्वांत खात्रीचा मार्ग कंपनीच्या पार्ट काउंटरवर चासी नंबर देऊन मूळ क्लिप घेण्याचा. दहा क्लिपांसाठी तिथे रांग लावणं जिवावर येतं, पण मूळ नायलॉनची क्लिप आणि ऑनलाइन मिळणाऱ्या शंभरेक क्लिपांच्या मिश्र डब्यातली क्लिप यांत फरक असतो. डब्यातल्या अनेक क्लिपा पहिल्याच दाबाला तडकतात. डबा घेतलाच असेल तर एक क्लिप बोटांनी वाकवून बघा. वाकून परत आली तर ठीक, पांढरी रेघ उमटली तर नको.

नायलॉन कोरडा असला की ठिसूळ असतो आणि पाणी शोषून चिवट होतो. म्हणून क्लिपा बसवण्याआधी अर्धा तास गरम पाण्यात ठेवा. पाकिटात वर्षभर पडून राहिलेल्या क्लिपांना तर हे करावंच.

भोकाच्या कडेचा गंज घासून तिथे रंगाचा हात द्या, मग क्लिप. भोक गंजाने मोठं झालं असेल तर रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) किंवा पुढच्या मापाची क्लिप. तिथे स्क्रू मारून देणारे कारागीर खूप आहेत. स्क्रू धरतो, पण मडगार्डच्या पत्र्यात पाडलेलं कोरं भोक आणि त्याच्या मागे साचणारा चिखल, दोन पावसाळ्यांत त्या भोकाचं काय होतं ते कोणत्याही डेंटरला विचारा.

बंपरचा कोपरा सुटलेला असेल तर बंपरला दोष देण्याआधी मडगार्डला लागून असलेला साइड ब्रॅकेट तपासा. गर्दीत कोणीतरी हलकं घासून गेलं की बंपर परत आकाराला येतो, ब्रॅकेटच्या खाचा मात्र तुटतात. तो ब्रॅकेट स्वतंत्र पार्ट म्हणून मिळतो. बंपरचाच कान तुटला असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा असल्याने गोंद, एम-सील काहीही धरत नाही. प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या: आतून तापलेल्या तारेचे टाके आणि त्यावर त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून.

काउलला, म्हणजे वायपरखालच्या जाळीच्या पट्टीला, टेपही नको आणि सिलिकॉनही नको. वायपरची मोटर आणि जोडदांडे तिच्याखाली असतात. भर जुलैत वायपर अडकला की ती काढावीच लागते. चिकटवलेली असेल तर तुटूनच निघते. क्लिपा आणि कडेची रबरपट्टी बदला, तेवढं पुरतं. तिच्याखालची पानं आणि कचरा त्याच वेळी काढून निचऱ्याची भोकं मोकळी करा, नाहीतर पाणी ब्लोअरमधून पायांशी येतं.

गोंदांबद्दल थोडक्यात

फेविक्विकसारखे झटपट गोंद घट्ट बसलेल्या लहान तुकड्यांसाठी असतात. लांब पट्टीवर ते कडक थर करतात, उष्णतेची सरक आणि रस्त्याचे हादरे त्यांना झेपत नाहीत, आणि रंगावर पांढरट डाग राहतो. अ‍ॅराल्डाइट एबीएसच्या मोडलेल्या खुंटीला छान धरतो, पट्टी दाराला लावायला नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट गाडीच्या पत्र्याजवळ आणू नका. त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पोलादाला गंज चढवतं आणि पुढे रंग मारायची वेळ आली की रंग तिथे धरत नाही. काचा बसवणाऱ्यांकडचा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट खरोखर ताकदवान. हवेतल्या ओलाव्यावर पिकत असल्याने मुंबईत तो लवकर पिकतो. पण पट्टी पुन्हा काढायची तर कापावी लागते आणि पॉलिप्रॉपिलीनवर प्रायमरशिवाय तोही हतबल. वळणाच्या, खोलगट जागी शेवटचा पर्याय म्हणून तो ठेवावा.

कुठे घ्यावं, कोणाकडून करून घ्यावं

टेप आणि रोलरसाठी नागदेवी परिसरातली हार्डवेअरची दुकानं. तिथे रोलवर छापलेला क्रमांक आणि तारीख पाहून घेता येते, मीटरवर कापूनही देतात. बीडिंगच नवी हवी असेल तर ऑपेरा हाऊसचा अ‍ॅक्सेसरीजचा बाजार. उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची मूळ पट्टी किंवा ब्रॅकेट हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे जुना पार्ट घेताना पाठ उलटून बघा: कान शाबूत आहेत का, खुंट्या चिकटवलेल्या आहेत का. रंग जुळतो का याला दुय्यम महत्त्व द्या, रंग मारता येतो, कान परत येत नाहीत.

काम करून घ्यायचं असेल तर कारागिराला तीनच प्रश्न विचारा. जुनी टेप पूर्ण काढणार का? कशाने पुसणार? गाडी कधी नेऊ? पहिल्याला नाही, दुसऱ्याला थिनर आणि तिसऱ्याला अर्ध्या तासात धुऊन देतो असं उत्तर आलं, तर टेप आणि अल्कोहोल घेऊन स्वतः करणं जास्त खात्रीचं. चार दारांचं काम सावकाश केलं तरी एका सकाळीत होतं. क्लॅडिंगसाठी मात्र चाक काढावं लागतं, आतला फेंडर लाइनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) सैल करावा लागतो. जॅक आणि स्टँड नीट वापरता येत नसेल तर ते गॅरेजमध्येच होऊ द्या, क्लिपा आणि प्रायमर आपल्या घेऊन जा.

उरलेली टेप झिपच्या पिशवीत घालून, वर घेतल्याची तारीख लिहून, घरातल्या कपाटात ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये नको. बंद गाडी उन्हात ३८ अंशांच्या कितीतरी वर जाते, आणि पुढच्या वेळी तीच टेप धरणार नाही.